स्थलांतर आणि बालमन
(काटोल येथील व्याख्यान)



काटोल ही संत्र्याची भूमी. कलम उचलताना मुळांभोवतीचा मातीचा गोळा फुटू नये म्हणून येथील बागाईतदार डोळ्यांत तेल घालून जपतो. सहकुटुंब परदेशी निघालेल्या घरातील बालकाविषयी मात्र एवढी दक्षता क्वचितच घेतली जाते. निर्णय वडीलधाऱ्यांचा, बालकाच्या वाट्याला येते ती केवळ निघण्याची तारीख, आणि पुष्कळदा तीही सर्वांत शेवटी.

महाराष्ट्राने असे एक मोठे स्थलांतर पाहिले आहे. कोकणातील बेने इस्राएल समाजाची मातृभाषा मराठी. तेलघाण्याचा व्यवसाय आणि शनिवारची विश्रांती यांमुळे लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. आडनावे गावांवरून पडलेली : पेणकर, किहीमकर, झिराडकर. १९४८ साली इस्राएल राष्ट्राची स्थापना झाली आणि पुढील काही दशकांत या समाजातील बहुसंख्य कुटुंबांनी येथील निरोप घेतला.

विशेष हे की, या भूमीत धर्मासाठी त्यांचा छळ झाला नव्हता. संकटातून पळणाऱ्या बालकाला निघण्याचे कारण निदान उमगते. अलिबागच्या इस्राएल आळीतील बालकाने शेजार, शाळा आणि समुद्र कशासाठी सोडायचा? धर्मग्रंथांतील भूमी हे वडिलांच्या मनातले घर होते. बालकाचे घर आळीत होते. दोघेही खरेच बोलत होते, आणि म्हणूनच समजूत घालणे कठीण होते.

पुढे दिमोना, बीरशेबा, लोद, अश्दोद. कोकणच्या पावसाऐवजी कुठे रखरखीत वाळवंट. प्रारंभी काहींना ते मानवले नाही. १९५२ मध्ये काही कुटुंबे भारतात परतलीही. जी राहिली त्यांच्या विवाहांबाबत तेथील धर्मपीठाने वंशशुद्धीची शंका घेतली. आपलेपणासाठी ज्या दारी गेले, त्याच दारी पुरावा मागितला गेला! दीर्घ आंदोलनानंतर १९६४ मध्ये त्यांना समान दर्जा असल्याचे शासनाने जाहीर केले. मोठ्यांच्या या अवहेलनेचे साक्षीदार मुलेही होती. त्यांची नोंद मात्र फारशी कोणी ठेवली नाही.

तरीही मुळांभोवतीची थोडी माती तेथवर पोहोचली. इस्राएलमधून ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक निघाले. मंगलप्रसंगी एलियाहू हन्नाबीच्या नावाने मालिदा होतो. त्या ताटात पोहे, गूळ, ओले खोबरे आणि फळे असतात.