फाइल उघडण्याआधी



आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे युनियनच्या कचेरीत झाले. पन्नाशी उलटल्यावर आम्ही संगणकाची 'सी' भाषा शिकावयास बसलो ते हौसेखातर नव्हे. वर्गणीची यादी दरमहा दुसऱ्याकडून करून घ्यावी लागे, आणि ज्याच्या हाती यादी त्याच्या हाती संघटना, हे आम्ही चांगले जाणतो.

ही भाषा डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास अमेरिकेत, बेल प्रयोगशाळेत घडविली. तीत आपण लिहिलेला मजकूर यंत्राला तसाच कळत नाही. कंपायलर नावाचा दुभाषी त्याचे यंत्रभाषेत रूपांतर करतो. हा गृहस्थ भलताच काटेकोर. ओळीच्या शेवटी अर्धविराम राहिला तर पुष्कळदा तो चूक पुढच्या ओळीवर दाखवितो. त्या निर्दोष ओळीपुढे आम्ही तासभर बसलो होतो. कसूर एकाची आणि नोटीस शेजाऱ्याला, हा प्रकार आम्हांला नवा नव्हता म्हणा!

पण कंपायलर व्याकरण तपासतो, आपला हेतू नव्हे. फाइल उघडणाऱ्या 'एफओपन' या फंक्शनला फाइलचे नाव आणि उघडण्याची रीत सांगावी लागते. 'आर' म्हणजे वाचणे, 'ए' म्हणजे अखेरीस भर घालणे, 'डब्ल्यू' म्हणजे लिहिणे. एका नव्या सभासदाचे नाव लिहावयाचे म्हणून आम्ही 'डब्ल्यू' घातले. कंपायलरने चकार शब्द काढला नाही. प्रोग्राम चालला, आणि फाइलमध्ये तेवढे एकच नाव उरले! 'डब्ल्यू' जुनी फाइल उघडताक्षणी रिकामी करते. ३१२ नावे गेली.

पावतीपुस्तकांवरून दोन रात्री जागून यादी पुन्हा केली. एका म्हाताऱ्या सभासदाची स्थळप्रत मात्र सापडेना. ते म्हणाले, "मग एवढी वर्षं मी युनियनमध्ये नव्हतोच का?" आम्ही मान खाली घातली, आणि त्यांच्या शब्दावर नाव लिहिले.

आता आम्ही आधी फाइलची प्रत काढतो, मग 'ए' घालतो. फाइल उघडता आली नाही तर एफओपन 'नल' परत देते. ते तपासल्यावाचून पुढची ओळ लिहीत नाही. काम संपताच 'एफक्लोज' करतो, कारण लिहिलेला मजकूर काही काळ स्मृतीतच थांबलेला असतो. मध्येच प्रोग्राम कोसळला तर तो फाइलपर्यंत पोहोचतच नाही.