लाळ धुता येते



प्राण्यांचा विषय निघाला की आपल्या शिबिरांत पहिला प्रश्न ठरलेला असतो: कुत्र्याला हात लागला तर वुजू तुटतो का?

तुटत नाही. हनफी फिक्हमध्ये कुत्र्याची लाळ नापाक आहे. कोरड्या अंगाला हात लागल्याने काही होत नाही. कोकणातले बहुतेक मुसलमान शाफई. त्यांचा नियम कडक आहे. ओला स्पर्श झाला तर तेवढी जागा सात वेळा धुवायची, त्यात एकदा मातीने. मालिकी परंपरेत तर जिवंत कुत्रा पाकच मानतात. म्हणजे मतभेद आहे तो धुण्याबद्दल. दगड मारायची परवानगी यातल्या कुणीच दिलेली नाही.

गेल्या पावसाळ्यात मी गावाकडचे तीन निवारे पाहिले. पत्र्याची शेड, जाळीचे कप्पे, भाताचं मोठं पातेलं. महामार्गावर गाडीखाली येऊन कंबर मोडलेले, खरजेने केस गेलेले, जखमेत अळ्या पडलेले कुत्रे तिथे असतात. एका ठिकाणी शेतमजुरी करून येणारी बाई टर्पेंटाइनचा बोळा लावून चिमट्याने एकेक अळी काढत होती. मी विचारलं, "ताई, किळस नाही येत?" ती म्हणाली, "येते की. मग हात धुते."

आपल्या मसल्याचंही उत्तर हेच आहे.

कुत्रा घरात असला तर फरिश्ते येत नाहीत, ही हदीस आपल्याला पाठ असते. शेताच्या, गुरांच्या राखणीसाठी आणि शिकारीसाठी कुत्रा ठेवायची मुभाही हदीसमध्येच आहे, ती मात्र कुणी सांगत नाही. बुखारीतली ती बदनाम बाईही आठवा. तहानलेल्या कुत्र्याला तिने विहिरीतून मोज्याने पाणी काढून पाजलं आणि तिला माफी मिळाली. सूरह कहफमध्ये गुहेतल्या तरुणांबरोबर त्यांच्या कुत्र्याचाही उल्लेख आहे.

आता दुसरी बाजू. कुत्रे चावतात, आणि जास्त करून गरीब वस्तीतल्या मुलांना चावतात. ज्या आईचं मूल चावलं गेलं तिला दयेवर भाषण देऊ नका. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा. तिखट, चुना, झाडपाला किंवा झाडफूक यांत वेळ घालवू नका.

कुत्रे मारून हा प्रश्न सुटत नाही. रिकाम्या झालेल्या जागी दुसरे येतात. 2023च्या नियमांप्रमाणे निर्बीजीकरण आणि लसीकरण ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. त्यात ग्रामपंचायतही आली. परिसरातल्या साधारण 70 टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर रेबीजची साखळी तुटते. निवाऱ्यातली माणसं पदरमोड करून हे काम थोडंफार करतात, पण सगळा तालुका ती कशी सांभाळणार?

म्हणून तुमच्याकडे तीन कामं मागते. मोहल्ल्याच्या नावाने लसीकरणाचा अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. मटणाच्या दुकानांमागे आणि बकरी ईदनंतर आतडी उघड्यावर पडणार नाहीत, हे बघा. आणि जवळच्या निवाऱ्यात एक रविवार घालवा. तिथे भात शिजवायला, शेड धुवायला हात कमी पडतात.

नमाजची वेळ झाली तर पाणी तिथेही असतं.