घरची शोभा, हातची भेट

(प्रौढ साक्षरता वर्गाच्या समारोपाला एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



आपला वर्ग आज पुरा झाला. तुम्हाला आता एस.टी.ची पाटी वाचता येते. सही करता येते. पोस्टातले पुस्तक उघडून शिल्लक किती ते पाहता येते. फार चांगले झाले.

आज आम्ही तुमच्याशी घराच्या शोभेबद्दल चार शब्द बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, गुरुजींना हे काय सुचलं? जिथे पोटाची काळजी, तिथे शोभा कसली? पण थोडे थांबा. शोभेपायी घर कर्जात बुडते, हे आम्ही पाहिले आहे. आणि जुन्या कपड्यांच्या चार तुकड्यांनी घर उजळते, हेही पाहिले आहे. म्हणून बोलतो.

आपल्याच वर्गातली गोष्ट सांगतो. एका मावशींच्या मुलीचे लग्न ठरले. एके रात्री वर्ग सुटल्यावर मावशी मागे राहिल्या. म्हणाल्या, "गुरुजी, वीस हजार व्याजानं काढायचं म्हणते. रुखवत मांडायला पाहिजे. मोकळं टेबल बघून सोयरे काय म्हणतील?"

आम्ही म्हटले, "व्याज किती?"

"महिन्याला शेकडा तीन."

आम्ही खडू त्यांच्या हातात दिला. म्हटले, "मांडा फळ्यावर." शंभराला तीन, हजाराला तीस, वीस हजाराला सहाशे. महिन्याचे सहाशे, वर्षाचे सात हजार दोनशे. मावशींची खुरपणीची मजुरी दिवसाला तीनशे. म्हणजे वर्षातले चोवीस दिवस नुसत्या व्याजासाठी उन्हात राबायचे. मुद्दल जागच्या जागीच!

मावशी बराच वेळ फळ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मग मी मांडू तरी काय?"

आता रुखवत म्हणजे मुळात काय, ते पाहू. आपल्या आया-आज्यांच्या वेळी रुखवतात लाडू-करंज्या असत, शेवया-कुरडया असत. मण्यांची तोरणे असत, भरतकाम असे. नवरी आणि तिच्या घरच्या बायका महिना महिना खपून ते करीत. ते पाहून सासरची माणसे म्हणत, पोरीच्या हाताला वळण आहे. पुढे बाजारात तयार देखावे मिळू लागले. थर्माकोलचे महाल आले, प्लॅस्टिकची फुले आली. २०१८ साली महाराष्ट्र सरकारने थर्माकोलच्या सजावटीवर बंदी घातली. पण बंदीचे सोडा. विकत आणलेल्या महालात पोरीचा हात कुठे दिसतो?

आम्ही मावशींना विचारले, "घरात जुनी लुगडी आहेत?"

"सासूबाईंची दोन हायेत. पेटीत. टाकवत न्हाईत."

"मग शिवा की गोधडी."

मावशी हसल्या. "गुरुजी, लग्नात का गोधडी मांडत्यात?"

मित्रहो, त्यांचे हसू आम्हाला लागले. कारण एके काळी आम्हीही गोधडीला लाजलो होतो. ती गोष्ट आम्ही आजवर कोणाला सांगितली नाही. आज सांगतो.

आम्ही नोकरीत होतो तेव्हा तपासणीला एक साहेब आले. एस.टी. चुकली, म्हणून रात्री आमच्याच घरी राहिले. आमच्या मुलांच्या आईने नवी गोधडी शिवलेली होती. आमची जुनी धोतरे आत, तिचे हिरवे लुगडे वर, आणि चारी कोपऱ्यांना लाल त्रिकोण. तिने ती साहेबांसाठी काढून ठेवली. आम्ही ती उचलून माळ्यावर टाकली. शेजाऱ्याकडे धावत गेलो आणि त्यांचे नवे विकतचे ब्लँकेट मागून आणले. साहेबांना गोधडी कशी द्यायची, असे आम्हाला वाटले.

साहेब सकाळी गेले. मुलांच्या आईने चहा पुढे ठेवला आणि एवढेच विचारले, "अहो, माझे टाके वाकडे होते का?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. त्यानंतर कितीतरी वर्षे तिने गोधडीची सुई हातात धरली नाही. मुलीच्या बाळंतपणाला मात्र पुन्हा शिवली. चार वर्षांपूर्वी ती गेली. माळ्यावरची गोधडी आता आमच्या अंथरुणात आहे. टाके एका ओळीत आहेत. एकही वाकडा नाही. हे तिला सांगायला हवे होते. वेळेवर सांगितले नाही.

म्हणून आम्ही मावशींना म्हटले, "हो, लग्नात गोधडी मांडतात. तुम्ही मांडा."

गोधडी कशी शिवतात हे इथल्या बायांना ठाऊक आहे. पण बाप्यांना ठाऊक नसते, म्हणून सांगतो. जमीन सारवून घ्यायची. खाली एक लुगडे पसरायचे. त्यावर जुन्या मऊ कपड्यांचे थर घालायचे. वर दुसरे लुगडे. कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, म्हणजे कापड सरकत नाही. मग कडेपासून धावदोरा घालायचा. चौकोनी फेरा घेत घेत आत जायचे, ते मध्यापर्यंत. दोन ओळींत बोटभर अंतर. वाचायला सोपे आहे, पण हजारो टाके होतात. पाठ मोडून येते. हे काम उन्हाळ्यात करतात. तेव्हा शेतात काम कमी असते आणि पुढे पाऊस-थंडीची सोय होते.

मग नक्षी कुठून सुचते? ती काही पुस्तकात नसते. बाई दारात बसते. समोर भोपळ्याचे फूल दिसते, बैलाची शिंगे दिसतात, ज्वारीचे कणीस दिसते. त्यातूनच आकार मिळतो. रोज सकाळी रांगोळी काढणारी बाई म्हणते, "मला काय येतंय!" पण आजची रांगोळी कालच्यासारखी नसते. चार ठिपके इकडे, चार तिकडे, आणि नवी वेल तयार. कला म्हणजे आणखी काय असते?

आपल्या पालघर जिल्ह्याचे उदाहरण घ्या. डहाणू, तलासरी, जव्हार या भागांत वारली लोक राहतात. घर कुडाचे. भिंत शेणमातीने सारवलेली, गेरूने लाल केलेली. लग्न निघाले की सवाशिणी त्या भिंतीवर चौक काढतात. त्याला ते 'चौक लिहिणे' असेच म्हणतात. रंग कोणता? तांदळाचे पीठ पाण्यात कालवलेले. कुंचला कोणता? बांबूची काडी, टोक चावून मऊ केलेली. आकार तीनच, गोल, त्रिकोण आणि चौकोन. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणूस उभा राहतो. त्याच भागातल्या जिव्या सोमा मशे यांनी हीच चित्रे कागदावर आणि कापडावर काढली. ती देशोदेशी गेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते वारले. सुरुवात झाली ती घरच्या तांदळाच्या पिठाने!

आता भेटीची गोष्ट ऐका. १९४७ साली नोव्हेंबर महिन्यात इंग्लंडच्या राजकन्या एलिझाबेथ यांचे लग्न झाले. त्याच पुढे इंग्लंडच्या राणी झाल्या. जगभरातून भेटी आल्या. हैदराबादच्या निजामाकडून हिऱ्यांचे दागिने गेले. गांधीजींजवळ काय होते? त्यांनी स्वतः कातलेले सूत दिले. त्या सुताचे जाळीचे वस्त्र विणून घेतले. त्यात मधोमध 'जय हिंद' ही अक्षरे विणली होती. आपला देश नुकताच स्वतंत्र झाला होता. राजवाड्यात हिऱ्यांचा काय तोटा! पण ते सूत दुसऱ्या कोणालाही देता आले नसते.

भेट देताना आपण मनाला तीन गोष्टी विचाराव्यात. कोणाला द्यायची? त्या माणसाला ती कशी उपयोगी पडेल? आणि तिच्यात आपले असे काय आहे? बाळंतिणीला दुपटे द्या. म्हाताऱ्या माणसाला बसायला चौघडी द्या. शिकणाऱ्या पोराला वहीला कापडी वेष्टण शिवून द्या. विकत आणूच नये असे आम्ही म्हणत नाही. कुंभाराचे मडके घ्या, बुरुडाची टोपली घ्या. तेही कोणाच्या हातचेच काम आहे. मडक्यावर चुन्याने एक वेल काढा. टोपलीत घरची बोरे घाला. भेट तयार!

घराचेही तसेच आहे. शोभा म्हणजे जास्त वस्तू नव्हेत. कोनाडा झाडून त्यात पुस्तके नीट लावली, ती शोभा. दाराला आंब्याच्या पानांचे तोरण, ती शोभा. आणि बाप्यांनो, हे बायकांचेच काम असे समजू नका. भिंतीला चुना काढा, खिडकीला फळी ठोका. आणि घरातल्या बाईने काही केले असेल, तर ते छान झाले म्हणून वेळेवर सांगा. आम्ही चुकलो, तसे तुम्ही चुकू नका.

आता मावशींचे काय झाले ते सांगतो. कर्ज काढले नाही. सासूबाईंच्या दोन लुगड्यांची गोधडी झाली. तिच्या एका कोपऱ्यात त्यांनी लाल दोऱ्याने मुलीचे नाव भरले. वर्गात शिकलेली अक्षरे! पण एक वेलांटी उलटी पडली. आम्ही म्हटले, "राहू द्या मावशी, कोणी बघत नाही."

मावशी म्हणाल्या, "न्हाई गुरुजी. चुकीचं नाव घिऊन पोर सासरी जायची न्हाई." त्यांनी रात्री दिव्यापाशी बसून ते अक्षर उसवले आणि पुन्हा भरले.

लग्नाच्या दिवशी रुखवतात लाडू होते, कुरडया होत्या, आणि मधोमध ती गोधडी. एक पाहुणीबाई म्हणाल्या, "एवढंच का?" मावशींनी ऐकले. त्या पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "ह्ये माझ्या लेकीचं नाव हाय. म्या लिवलंय." आणि बोट ठेवून त्यांनी ते वाचून दाखवले.

बंधुभगिनींनो, अक्षर हीसुद्धा एक नक्षीच आहे. ती आता तुमच्या हातात आली आहे. ती वहीत झाकून ठेवू नका. दारावर लिहा, पिशवीवर भरा, लेकराच्या दुपट्यावर काढा. पहिल्यांदा वाकडी आली तर उसवा आणि पुन्हा काढा.

घरी गेल्यावर पेटी उघडून पाहा. जुने कापड निघेल. सुई-दोरा निघेल. उद्या सकाळी उजेड चांगला असतो, तेव्हाच सुरुवात करा.