तीन वचनं, चोवीस चित्रं

मत्तयाच्या शुभवर्तमानात ही हकिगत जेमतेम तीन वचनांत आटोपते. योसेफाच्या स्वप्नात देवदूत येतो, हेरोद राजा बाळाच्या जिवावर उठल्याचं सांगतो, आणि योसेफ रातोरात मरिया व बाळ येशूला घेऊन मिसर देशाची वाट धरतो. त्या वाटेवर काय घडलं, याबद्दल मत्तय चकार शब्द काढत नाही.

श्रोतेहो, नेमकी तीच वाट व्हेनिसच्या जोव्हान्नी डोमेनिको तिएपोलो या पंचविशीतल्या चित्रकारानं उचलली. 1753 साली जर्मनीतल्या व्युर्त्सबुर्ग शहरी त्यानं 27 एचिंगचा संच काढला आणि तिथल्या राजबिशपाला अर्पण केला. त्याच बिशपाच्या राजवाड्यात त्याचे वडील जिन्यावरच्या अवाढव्य छतावर चार खंडांचं चित्र रंगवत होते. मुलगा त्यांच्या हाताखाली. पोराला स्वतःची कल्पकता नाही अशी कुजबुज झाली, तिला उत्तर म्हणून एकाच विषयाच्या इतक्या तऱ्हा त्यानं काढल्या, असं सांगतात. खरंखोटं काहीही असो, चित्रं पाहिल्यावर कुजबुजणाऱ्यांची बाजू लंगडी पडते.

मुखपृष्ठ, अर्पणपत्रिका वगैरे बाजूला ठेवली तर उरतात 24 प्रसंग. पात्रं तीच: म्हातारा योसेफ, मरिया, बाळ, गाढव आणि मदतीला धावणारे देवदूत. कधी ही मंडळी वेशीबाहेर पडतात, कधी नावेतून नदी ओलांडतात. एके ठिकाणी वाटेवरची मूर्ती ढासळते. हे मत्तयात नाही, नंतरच्या आख्यायिकेतलं आहे. काही चित्रांत तर कुटुंब चक्क पाठमोरं चाललेलं दिसतं. देवळातल्या वेदीवर हे कदाचित खपलं नसतं, हातात धरून पाहायच्या कागदावर खपून गेलं.

एचिंगची रीतही या चालीला मानवणारी. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा लेप द्यायचा, सुईनं त्यात रेखाटायचं, पत्रा आम्लात सोडायचा. उघडं पडलेलं तांबं तेवढं आम्ल खातं आणि त्या खाचांत शाई बसते. धातू कोरण्याचा जोर लागत नाही, त्यामुळे हात मोकळा फिरतो. डोमेनिकोची रेषा तुटक, थरथरती. ऊन दाखवायला तो कागद कोराच सोडतो. रोकोको ही त्या काळची शैली म्हटली की झोके आणि गुलाबी गाल आठवतात. इथं तीच हलकी रेषा घरदार सोडून निघालेल्या माणसांमागून चालते.

उतारवयात डोमेनिकोनं नव्या करारावर 300 हून अधिक मोठी रेखाचित्रं काढली. मिसरच्या वाटेवर तो तेव्हाही पुन्हा रेंगाळला.