विठ्ठल उमप : एकच गळा, पण आपण केले दोन कप्पे

आज सोल गायकीबद्दल बोलूया.

अमेरिकेत या गाण्याची मुळं चर्चमध्ये आहेत. अरेथा फ्रँकलिन ही धर्मोपदेशकाची मुलगी. वडिलांच्या चर्चमध्ये गात मोठी झाली आणि पुढे त्याच गळ्यातून प्रेमाची, मानाची गाणी गायली. 'असं आपल्याकडे कोण?' विचाराल, तर मी तुम्हाला दादरच्या पलीकडे नायगावला नेईन. लोकशाहीर विठ्ठल उमप तिथले. जन्म १५ जुलै १९३१.

चर्चच्या जागी आपल्याकडे जयंतीचा मांडव. चाळींच्या मधल्या मोकळ्या जागेत स्टेज, पेटी, ढोलकी आणि समोर पाळी संपवून आलेले गिरणी कामगार. हा श्रोता पक्का. आवडलं तर बक्षीस देणार, नाही आवडलं तर तोंडावर सांगणार. अशा लोकांपुढे उमप भीमगीतं गायले. पोवाडा, भारूड, कोळीगीत, कव्वालीसुद्धा गायले.

आणि मग 'जांभूळ आख्यान'. पाच पती असलेल्या द्रौपदीचं मन कर्णाकडे ओढ घेतं, ही लोकमहाभारतातली गोष्ट. उमप स्वतःच द्रौपदी व्हायचे. बाईच्या मनातली चोरटी ओढ एक पुरुष गातोय, पण हसू येत नाही. पोटात कालवतं. कारण तिला तिथे कुणी पापी ठरवत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपण या माणसाचे दोन कप्पे केले. एकीकडे भीमशाहीर, ज्यांची आठवण फक्त एप्रिलमध्ये. दुसरीकडे लोककलावंत, ज्यांचं कौतुक नाट्यगृहात. पण माणूस म्हणून मान मागणारा आवाज आणि द्रौपदीचं मन समजून घेणारा आवाज वेगळा नाहीच. पहिला पक्का झाला, म्हणून दुसरा इतका खरा लागतो.

२६ नोव्हेंबर २०१० ला नागपूरच्या दीक्षाभूमीवर, कार्यक्रमात मंचावरच ते कोसळले आणि गेले. वय ७९.

आता नायगावच्या बीडीडी चाळी पाडून तिथे टॉवर उभे राहतायत. ते मांडव, तो श्रोता तसाच राहील असं नाही. म्हणून एक करा. आज रात्री त्यांचं एक भीमगीत लावा आणि लगेच 'जांभूळ आख्यान' ऐका. मधे थांबू नका. घरातल्या पोरांनाही बसवा.