गुण पाठवावेत की झाकून ठेवावेत?

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



आपल्या समाजातील काही मुले-मुली आता अमेरिकेतील महाविद्यालयांकडे अर्ज करू लागली आहेत. आखाती देशांत नोकरीस असलेल्या आपल्या कुटुंबांतही हा विचार होतो. त्यांच्यापुढे एक प्रश्न हमखास येतो. सॅट किंवा एसीटी परीक्षेचे गुण अर्जासोबत पाठवावेत की नाही?

तेथे सर्वत्र एकच नियम नाही. २०२० साली कोरोनाच्या साथीमुळे अनेक महाविद्यालयांनी ही परीक्षा ऐच्छिक केली. पुढे एमआयटीने २०२२ मध्ये, तर डार्टमथ व हार्वर्ड यांनी २०२४ मध्ये ती पुन्हा सक्तीची केल्याचे जाहीर केले. उलट कॅलिफोर्निया विद्यापीठ प्रवेश ठरवताना हे गुण पाहतच नाही. म्हणून प्रत्येक ठिकाणचा चालू वर्षाचा नियम आधी वाचावा.

जेथे निवड आपल्या हाती आहे, तेथे काय करावे? पुष्कळ महाविद्यालये आपल्या मधल्या निम्म्या विद्यार्थ्यांचे गुण प्रसिद्ध करतात. समजा, ते १६०० पैकी १३८० ते १५०० आहेत. म्हणजे पाव विद्यार्थी १३८० च्याही खाली होते. तुम्हाला १४२० असतील तर निःसंकोच पाठवा. शिवाय, परीक्षा ऐच्छिक असते तेथे हे आकडे केवळ गुण पाठवणाऱ्यांचे असतात, त्यामुळे ते चढेच दिसतात.

आता खरा मुद्दा सांगतो. डार्टमथच्या अभ्यासकांना असे आढळले की, साधारण परिस्थितीतील कित्येक मुलांनी १४०० च्या घरातील गुण कमी समजून पाठवलेच नाहीत. वास्तविक त्या गुणांनी त्यांचा प्रवेश सुकर झाला असता. कारण विद्यार्थी कोणत्या शाळेतून, कोणत्या घरातून आला, हेही तेथे पाहिले जाते. ज्या घरात महाविद्यालयाची पायरी प्रथमच चढली जात आहे, तेथील १३५० गुणांचे मोल वेगळे असते. मात्र गुण फारच खाली असतील आणि शाळेतील प्रगती त्याहून उजळ असेल, तर न पाठवणे शहाणपणाचे.

परीक्षा दोनदा दिली असल्यास आणखी एक सोय आहे. मार्चमध्ये गणितात ७४०, इंग्रजीत ६२०. ऑक्टोबरमध्ये दोन्हींत ६९०. बेरजा १३६० आणि १३८०. अनेक महाविद्यालये प्रत्येक विभागातील सर्वोत्तम गुण धरतात; मग तुमचे १४३० होतात. तेथे दोन्ही निकाल पाठवावेत. सॅट आणि एसीटी यांचे गुण मात्र एकत्र करता येत नाहीत.

पालकांना एकच विनंती. शेजारच्या मुलाच्या आकड्याशी आपल्या मुलीचा आकडा ताडून पाहू नका. तिच्याजवळ बसा, नियम वाचा आणि मग ठरवा. संकोचापायी दार आपल्याच हाताने लावून घेऊ नये, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.

खुदा हाफिज.