पहिलीचा वर्ग मागून घ्या

आज प्राथमिक शिक्षणाची पदविका घेणाऱ्या माझ्या तरुण सहकाऱ्यांनो,

लवकरच तुम्ही शाळेवर रुजू व्हाल आणि वर्गवाटपाचा विषय निघेल. तेव्हा कुणीतरी सहज म्हणेल, "पहिली कुणालाही द्या. अ, आ, इ, ई तर शिकवायचं आहे." या समजुतीने आपल्या मुलांचे फार नुकसान केले आहे. लिहायला-वाचायला शिकवणे हे प्राथमिक शाळेतले सर्वांत जाणतेपणाचे काम आहे, एवढेच सांगायला मी आज उभी आहे.

आधी आपल्या लिपीकडेच पाहा. 'चार' आणि 'चारा' यांतला 'च' लिहायला सारखा, उच्चारायला वेगळा. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी काढायची आणि नंतर उच्चारायची. एकटा 'र' सूर्य, चक्र, ट्रक आणि दुसऱ्या या शब्दांत चार रूपे घेतो. आपल्याला सवयीने हे दिसेनासे झालेले असते. सहा वर्षांच्या मुलाला मात्र ते एकेक करून उलगडावे लागते. कोणती गाठ कुठे बसते हे शिक्षकाला ठाऊक नसेल, तर तो मुलालाच 'ढ' ठरवून मोकळा होतो.

अजूनही काही वर्गांत आधी संपूर्ण मुळाक्षरे, मग संपूर्ण बाराखडी, मग जोडाक्षरे असा क्रम चालतो. अर्थ असलेले पहिले वाक्य मुलाच्या वाट्याला येईपर्यंत वर्ष सरत आलेले असते. त्याऐवजी म, क, ब, र, ल ही पाच अक्षरे आणि काना एवढेच घ्या. मामा, काका, बाबा, काम, लाल, रबर, कमाल, बरा हे शब्द तयार होतात. 'बाबा, काम करा' हे वाक्य तयार होते. पहिल्या काही आठवड्यांतच मुलाला कळते की या खुणांतून कुणीतरी आपल्याशी बोलते आहे. त्या कळण्यासाठीच सगळा खटाटोप आहे.

आता एक वर्ग डोळ्यांसमोर आणा. एक मुलगी ओळीखाली बोट फिरवत अख्खा धडा खडाखडा म्हणते. तुम्ही मधल्याच एका शब्दावर बोट ठेवता आणि विचारता, "हे काय लिहिलंय?" ती पहिल्या ओळीपासून पुन्हा म्हणत म्हणत तिथवर येते. धडा तिला पाठ आहे. शेजारचा मुलगा 'क ला काना का' करत प्रत्येक अक्षर बरोबर ओळखतो, पण ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत पहिला शब्द विसरलेला असतो. वहीत दोघांनाही एकच शेरा मिळतो: वाचता येत नाही. खरे तर तिला अक्षर आणि आवाज यांची जोड बसवून हवी आहे, त्याला सोप्या गोष्टींचा भरपूर सराव हवा आहे. हा फरक ओळखता यावा म्हणून तर तुमचे प्रशिक्षण.

२०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान साठ शब्द समजून वाचण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. त्यातल्या 'समजून' या शब्दावर बोट ठेवा. मराठीत 'शेजारच्यांनासुद्धा' एवढा लांबलचक शब्दही एकच मोजला जातो, म्हणून नुसता आकडा फसवा ठरतो. त्यामुळे घड्याळ लावून शब्द मोजाल तेव्हा मुलाला गोष्टीत पुढे काय झाले, तसे का झाले, हेही विचारा. रोज दहा मिनिटे पुस्तक हातात धरून गोष्ट वाचून दाखवा आणि मुलांना मध्ये बोलू द्या. बोलकी मुलेच पुढे लिहिती होतात.

आणि बोलणे म्हणजे घरचे बोलणे. मेळघाटातली कोरकू भाषा मुंडा कुळातली, गडचिरोलीतली गोंडी द्रविड कुळातली. घरी या भाषा बोलणाऱ्या मुलाला पहिल्या दिवशी मराठी पूर्णपणे परकी असू शकते. पालघरमधली वारली, नंदुरबारमधली भिल्ल मुलेही आपापली बोली घेऊन येतात. ऊसतोडीच्या फडांवरून परतणाऱ्या मुलाचे तर निम्मे वर्ष बुडालेले असते. या मुलांच्या बोलीतले शब्द फळ्यावर लिहा, त्यांच्या आजीची गोष्ट वर्गात येऊ द्या, तिथून मराठीकडे पूल बांधा. "शुद्ध बोल" या दोन शब्दांनी गप्प झालेले मूल पुढे कितीतरी दिवस तोंड उघडत नाही.

ही वाट नवी नाही. सावित्रीबाई फुले यांनी शिक्षिका होण्याचे रीतसर प्रशिक्षण घेतले होते. १८८२ साली शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे त्यांचे पती जोतीराव फुले यांनी मागणी केली की प्राथमिक शाळांचे शिक्षक प्रशिक्षित असावेत, शेतकरी समाजातून आलेले असावेत आणि लोकांत मिसळणारे असावेत. बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी भागात गेल्या, तेव्हा मूल शाळेत येत नसेल तर त्यांनी शाळाच पाड्यावर नेली. ज्ञान आणि माया यांची फारकत या माणसांनी कधी होऊ दिली नाही.

तुम्हाला अडचणी येतील. एका खोलीत दोन-तीन इयत्ता बसतील. माहिती भरण्याची कामे अध्यापनाच्या वेळेवर चालून येतील. त्यांबद्दल जरूर आवाज उठवा. पण मुलांच्या वाचनाचा तास कुणालाही देऊ नका.

म्हणून माझी विनंती एकच आहे. रुजू व्हाल त्या दिवशी मुख्याध्यापकांकडे पहिलीचा वर्ग मागून घ्या. शक्य झाल्यास त्याच मुलांबरोबर दुसरीत जा. प्रत्येक मूल कुठे अडले याची एक साधी वही ठेवा आणि ती महिन्यातून एकदा सहकाऱ्यांसमोर उघडा. दोन वर्षांनी त्या वर्गातले एकही मूल वाचता न येता पुढे जाणार नाही, हा शब्द आज स्वतःला द्या. तो पाळण्याइतके ज्ञान तुमच्याकडे आहे.